डॉक्टरांनी सांगितलं म्हणून

नागपूरच्या धरमपेठेत कुणीही, कधीही, हौसेनं काही विकत घेत नाही. वेस्ट हायकोर्ट रोडवर संध्याकाळी दुकानांचे दिवे लागले की जी उलाढाल सुरू होते, तिच्यातला रुपयान् रुपया निरुपायानं खर्च होत असतो. मोठी गाडी घेतलेला माणूस सांगतो, “लहान गाडीत वाकून बसावं लागायचं ना, मणक्याला बरं नाही.” मनगटावर महागडं घड्याळ बांधलेला सांगतो, “वेळ बघायला नाही हो, ठोके मोजायला. डॉक्टर म्हणाले.” कुत्रा घेतला तो रोजचं चालणं व्हावं म्हणून, आणि त्या कुत्र्याला फिरवायला पोरगा ठेवला तो गुडघ्यांमुळे. स्वित्झर्लंडला जाऊन आलेलं जोडपं सहलीला गेलेलं नसतंच, त्यांना हवापालट सांगितलेला असतो. इतवारीतला व्यापारी सरळ सांगून मोकळा होतो: पैसा आला, गाडी घेतली, तुमचं काय गेलं? एवढा निलाजरेपणा आमच्याकडे चालत नाही. धरमपेठेत दिमाख मिळतो, पण चिठ्ठीवर.

त्यामुळे आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकांकडे विजेवर चालणारी गोल्फची ट्रॉली आली, तेव्हा ‘ही कशाला?’ असं कुणी विचारलं नाही. ‘कंबर की गुडघा?’ एवढंच विचारलं.

खांदा होता.

काका वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. गोल्फ त्यांनी टीव्हीवरसुद्धा पुरतं पाहिलेलं नाही. तसा धरमपेठेतल्या फारशा कुणाचाच त्या खेळाशी संबंध येत नाही. गोल्फ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे कामठीची छावणी नाहीतर वायुसेनानगर येतं, म्हणजे असा प्रदेश, जिथं फाटकावरचा जवान आधी ओळखपत्र मागतो. आमचा खेळ क्रिकेट, आणि तोही वयाच्या चाळिशीनंतर तोंडानं. पण काकांचा मुलगा इंग्लंडात असतो आणि तिथं तो शनिवारी गोल्फ खेळतो. परदेशातल्या मुलांनी नवा फोन घेतला की जुना वडिलांकडे येतो, नवा लॅपटॉप घेतला की जुना आईकडे येतो. नागपुरातल्या कित्येक आईवडिलांचं यंत्रयुग असं तीन वर्षं मागून चालत असतं. या मुलानं रिमोटवर चालणारी नवी ट्रॉली घेतली. काका-काकू तिकडे गेलेच होते. जुनी ट्रॉली घडी होऊन त्यांच्या सामानात आली.

खांदा नंतर दुखायला लागला.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीन चाकं, एक तिरपा दांडा, मध्ये पिशवी उभी अडकवायची सोय, खाली बॅटरी आणि मोटर. दांड्यावरचं बटण दाबलं की ती चालू लागते, फिरवलं की वेग वाढतो. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. हात नुसता ठेवायचा आणि बरोबर चालायचं. इंग्लंडात ही जात रुळली ती १९८३ मध्ये निघालेल्या पॉवाकॅडी या कंपनीपासून. तिथं तिचं कारण उघड आहे. गोल्फच्या नियमांप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. काठ्या, चेंडू, पाण्याची बाटली आणि तिथल्या आभाळाचा भरवसा नसल्यामुळे छत्री, असं सगळं मिळून पिशवी सहज दहा-बारा किलोंवर जाते. अठरा होल पुरे करायचे तर सात-आठ किलोमीटर चाल होते, चेंडू भलतीकडे मारणाऱ्याची त्याहून जास्त. आणि पिशवी उचलायला माणूस ठेवायचा म्हटलं तर तिथल्या मजुरीचा आकडा ऐकून पेन्शनरला खेळण्याआधीच बसावं लागतं. ट्रॉली संप करत नाही, चहा मागत नाही. तिथं ती सोय आहे, दुसरं काही नाही. कुणी वळून बघतसुद्धा नाही, असं मुलगा म्हणतो. जी वस्तू कुणी वळून बघत नाही ती टाकून द्यावी किंवा भारतात पाठवावी.

ट्रॉली आली, पण बॅटरी आली नाही. लिथियमची बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत असेल तर विमानात सहसा अडवत नाहीत, १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, आणि त्याच्या वरची प्रवाशाच्या सामानात चालतच नाही. काकांची बॅटरी १२ व्होल्टची, १८ अँपिअर-तासांची. काउंटरवरच्या मुलीनं तोंड उघडायच्या आत काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला, २१६ आले, आणि त्यांनी मुकाट्यानं बॅटरी मुलाच्या हातात परत दिली. काकू सांगतात, लग्न झाल्यापासून यांनी वाद न घालता मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

मग काही आठवडे ट्रॉली काकांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी नुसती उभी होती. अभ्यासकांनी या काळाकडे दुर्लक्ष करू नये. विजेची ट्रॉली, वीज वजा जाता. वस्तूमधला उपयोग पुरता काढून घेतला की मागे काय शिल्लक राहतं, हे मोजायची अशी संधी क्वचित मिळते. शिल्लक भरपूर होती. येणारा प्रत्येक जण विचारत होता, काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते, आणि सांगता सांगता मुलाचं घर, त्याच्या क्लबची वर्गणी, सूनबाईंची बढती ही माहिती ओघानं येत होती. पाहुण्याला दुसरा चहा मिळत होता. बॅटरी बसली आणि ट्रॉली कामाला लागली, तशी चौकशी ओसरली. दुसरा चहा बंद झाला.

बॅटरी बसवली ती इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या पोराकडून, शिशाची. तिचं वजन साडेपाच किलो. घरात माणसं दोन, त्यामुळे काकांचा गोकुळपेठेतला रोजचा बाजार तीन किलोंच्या वर जात नाही. म्हणजे तीन किलो भाजी घरी आणण्यासाठी साडेपाच किलो शिसं बाजारात फिरवून परत आणायचं. हे गणित मी काकांपुढे मांडलं. ते म्हणाले, “तुला विजेतलं काही कळत नाही.” यावर मला बोलता आलं नाही, कारण माझं बिल जास्त आलं की मी त्यांच्याकडेच जातो.

ट्रॉलीबरोबर मुलानं गोल्फची जुनी पिशवीही दिली होती. ही पिशवी कंबरेएवढी उंच असते आणि तिच्या तोंडाशी चौदा कप्पे असतात, काठीला काठी घासू नये म्हणून. चौदा कप्पे पाहून काकांमधला अभियंता जागा झाला. शेवग्याच्या शेंगा एका कप्प्यात, उभ्या. दुधी दुसऱ्यात. मग काकडी, कारली, गवार, भेंडी. आलू-कांदे सगळ्यांत खालच्या खिशात, गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून. चेंडूंच्या खिशात लिंबं गेली आणि तिथं तर काका हरखलेच. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमानं किमान ४२.६७ मिलिमीटर लागतो. गोकुळपेठेतलं बऱ्यापैकी लिंबू तेवढंच भरतं. त्यांनी व्हर्निअर कॅलिपर लावून पाहिलंय. छत्री खोचायची जागा एरवी रिकामी असते, तुळशीच्या लग्नाला तिथं ऊस लागला. एवढ्या सगळ्या व्यवस्थेत पत्ताकोबी तेवढी कुठं बसेना. ती काकू हातात धरून शेजारून चालतात.

ट्रॉली गवतावर चालायला जन्मलेली. आमचे रस्ते सिमेंटचे आणि कडेला गट्टू. सिमेंटवर ती डौलानं जाते, गट्टूंवर आली की सगळी पिशवी थरथरायला लागते, शेंगा एकमेकींवर आपटतात आणि अंगात आल्याचा भास होतो. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न निराळा. आमच्या कुत्र्यांनी स्कूटर पचवली, ई-रिक्षा पचवली, डोक्यावरून जाणारी मेट्रो पचवली. पण कुणी न ढकलता आपली आपण चालणारी पिशवी त्यांना आजतागायत मान्य झालेली नाही. एका गल्लीतली टोळी लक्ष्मीभुवन चौकापर्यंत पोचवायला येते, तिथं पुढची टोळी ताबा घेते. काका म्हणतात, व्हीआयपी ताफ्याला पोलिस असेच मिळतात, हद्दीप्रमाणे.

या यंत्रात आणखी एक करामत आहे. बटण दाबून धरलं की ट्रॉली एकटी ठरावीक अंतर पुढे जाते आणि थांबते. गोल्फचा चेंडू जातो एकीकडे, वाट असते दुसरीकडे. खेळाडूनं तिरपं जाऊन फटका मारावा आणि ट्रॉलीनं सरळ पुढे जाऊन वाट बघावी, अशी कल्पना. काकांनी तिला तीस मीटर सोडलं, रविवारी सकाळी, गोकुळपेठेच्या तोंडाशी. ती गर्दीतून शांतपणे वाट काढत गेली आणि तर्रीपोह्यांच्या ठेल्यापुढे बरोबर थांबली. पोरांनी सरकून तिला जागा दिली. ठेलेवाल्यानं मान वर न करता विचारलं, “साधी की तर्री मारके?”

खरा फटका बसला तो भावात. काका पंचवीस वर्षं कापडी थैली घेऊन अधूनमधून त्याच बाजारात जात होते. थैलीवाल्या माणसाचा एक भाव असतो. ट्रॉली आल्यापासून वांगी पाच रुपयांनी चढली, मेथीची जुडी लहान झाली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वर टाकून मिळणारा सांबार बंद झाला. (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. इडलीवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) काकूंनी जाब विचारला तेव्हा भाजीवाली म्हणाली, “गाडीवाल्या मानसाले कायचा फुकट सांबार हो, बाई?” काकूंच्या लेखी ट्रॉलीचा हिशेब त्या क्षणी संपला. खांद्याला आराम किती पडला ते दिसत नाही, सांबार गेलेला रोज दिसतो.

त्रिकोणी पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांत यावरून दोन तट पडले. एक तट म्हणे ही शुद्ध शायनिंग. दुसरा तट म्हणे, वय झालं, घेतली सोयीची वस्तू, तुमच्या पोटात का दुखतं? दुसऱ्या तटातल्या बहुतेकांची मुलं परदेशात आहेत, हे ओघानंच आलं. पहिल्या तटाचं नेतृत्व एका निवृत्त प्राध्यापकांकडे होतं. ते चाळीस हजारांच्या बुटांत चालत चालत साधी राहणी समजावून सांगत. बूट डॉक्टरांनी सांगितलेले.

माझं मत विचाराल तर पहिल्या तटानं चाकांचा इतिहास वाचलेला नाही. चाक ही वस्तू माणसाला पहिल्यांदा नेहमी लाज आणते, मग मिरवायला लावते, आणि शेवटी तिच्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं गिऱ्हाइकांसाठी चाकांची टोपली काढली. आज मॉलमध्ये आपण ढकलतो तिची ती पणजी. गिऱ्हाइकं तिला हात लावीनात. बायका म्हणाल्या, बाबागाडी ढकलून आयुष्य गेलं, आता किराण्याचीही ढकलू? पुरुष म्हणाले, आमच्या दंडांत काय जोर नाही? शेवटी गोल्डमननं पगार देऊन वेगवेगळ्या वयाची माणसं आणली आणि त्यांना नुसतं दुकानभर गाड्या ढकलत फिरवलं. त्यांना पाहून बाकीच्यांनी हात घातला. म्हणजे आज जगातली सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारी गाडी चालू झाली ती दिखाव्याच्या भाडोत्री माणसांमुळे. गोल्डमनला तेव्हा आमच्या काकांचा पत्ता ठाऊक असता तर त्याचा तो पगार वाचला असता.

सूटकेसला चाकं लावायची कल्पना बर्नार्ड सॅडोला सुचली ती १९७० मध्ये. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता, पण विमानतळापर्यंत बॅग हातानंच उचलून नेत होता. सॅडोला १९७२ मध्ये पेटंट मिळालं, त्याआधी दुकानदारांनी त्याला दारातून परत लावलं होतं. मर्द माणूस बॅग ओढत नेईल काय, असा त्यांचा सवाल. नागपूर स्टेशनवर मी स्वतः आमच्या मामांना चाकांची बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून पूल चढता-उतरताना पाहिलंय. चाकं झिजू नयेत म्हणून.

पार्कातल्या वादाला खरा रंग आणला तो एका वकीलसाहेबांनी. नागपूर खंडपीठात उभी हयात घालवलेले हे गृहस्थ दाखला दिल्याशिवाय नमस्कारसुद्धा करत नाहीत. त्यांनी केसी मार्टिनचा खटला काढला. या अमेरिकन गोल्फपटूच्या उजव्या पायातल्या रक्ताभिसरणात जन्मजात दोष. चालणं म्हणजे यातना. त्यानं मागितलं एवढंच की स्पर्धेत मला दोन फटक्यांच्या मधलं अंतर गाडीतून जाऊ द्या. व्यावसायिक गोल्फचा कारभार पाहणारी संस्था म्हणाली, चालून दमणं हाच तर खेळाचा गाभा. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिन जिंकला: गोल्फ म्हणजे चेंडू मारणं, चालणं नव्हे. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्कालियांनी या सगळ्या प्रकाराची लेखी टर उडवली. वकीलसाहेब थांबले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “तेव्हा प्रश्न असा की भाजी आणण्याचा गाभा कोणता? भाजी की चालणं?” प्राध्यापक म्हणाले, “भाव करणं.” सगळं पार्क एकदम शांत झालं. विरोधी तटाकडून एवढं सत्य कुणाला अपेक्षित नव्हतं.

मार्टिनचा पाय खरा होता, हे मात्र विसरू नये. ज्याला गरज आहे त्याची वस्तू कितीही चकाकली तरी ती दिमाख ठरत नाही. घोळ होतो तो त्याच्या मागून येणाऱ्या, धडधाकट पायांच्या रांगेमुळे.

आता गोल्फकडेच पाहा. इंग्लंडात विजेची ट्रॉली हवी, कारण तिथं पिशवी उचलायला माणूस परवडत नाही. आपल्याकडच्या क्लबांत कॅडी असतो. तो पिशवी उचलतो, झुडपात गेलेला चेंडू शोधतो, वारा कुठून येतो ते सांगतो, हिरवळीचा उतार त्याला तळहातावरच्या रेषांपेक्षा जास्त पाठ असतो, आणि साहेबांनी चेंडू तळ्यात घातला तरी “बॅड लक, सर” म्हणतो. ट्रॉली यातलं पहिलं एकच काम करते. आणि कॅडीचं खेळाचं ज्ञान काय असतं, हे अली शेरनं दाखवून दिलं. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेला हा मुलगा १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकून गेला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये त्यानं ती पुन्हा जिंकली. ज्यांच्या पिशव्या उचलल्या त्यांनी तेव्हा घरी काय सांगितलं असेल, याचं मला कुतूहल आहे.

म्हणजे तीच ट्रॉली इंग्लंडात सोय आणि भारतात शोभा, असं का होतं, तर आपल्याकडे ओझं उचलायला माणूस स्वस्त मिळतो म्हणून. यंत्र उपयोगी की दिखाऊ, याचा निकाल यंत्र पाहून लागतच नाही. ते कुणाच्या खांद्यावरचं ओझं उतरवतं, ते पाहावं लागतं. काकांच्या खांद्यावर मुळात ओझं नव्हतं. रोज सकाळी दहा वाजता भाजीवाला आमच्या फाटकाशी हातगाडी उभी करून ओरडतो. काका आवाज देतात, तो वर थैली पोचवून देतो. तीन किलो भाजीसाठी रोज बाजारात जायची गरजच नाही, ती ट्रॉली आल्यावर निर्माण झाली.

उलट उदाहरण माथेरानचं. २००३ सालापासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर झालेल्या त्या डोंगरावर मोटारी नाहीत. तिथं वर्षानुवर्षं माणसं हातरिक्षा ओढत आली, चढावर एक ओढणारा आणि मागून ढकलणारे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ई-रिक्षांचा प्रयोग झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढायची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा. गवईसाहेब अमरावतीचे, वकिली नागपुरात केलेली. त्यामुळे पार्कात हा निकाल घरचाच असल्यागत वाचला गेला. माथेरानच्या ई-रिक्षेला कुणी शायनिंग म्हणत नाही. तिची मोटर ज्याची छाती वाचवते, तो समोर उभा असतो.

नागपूरकरांना विजेच्या गाड्यांचं नावीन्य मुळीच नाही, हेही सांगायला हवं. मे २०१७ मध्ये विजेवरच्या भाड्याच्या गाड्यांचा देशातला पहिला मोठा प्रयोग याच शहरात झाला, दोनशे गाड्यांचा. ई-रिक्षांना २०१५ मध्ये कायद्यात जागा मिळाली; नियमाप्रमाणे चार प्रवासी आणि ४० किलो सामान, वेग ताशी २५ किलोमीटर. आमच्याकडे चार प्रवासी हा आकडा समोरच्या बाजूला बसणाऱ्यांचा समजतात. मेट्रो आली तेव्हा तर लोक नुसतं बसायला जायचे, कुठं उतरायचं ते चढल्यावर ठरायचं. तिच्या डब्यात भाडं भरून वाढदिवस साजरा करायचीही सोय आहे. त्याच डब्यातून कुणी कामावर जात असतो, त्याच डब्यात कुणी केक कापत असतो, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण होत नाही. मला यातच या वादाचं उत्तर दिसतं, पण पार्कातल्या कुठल्याच तटाला ते पसंत पडलं नाही.

एके दिवशी फाटकावरच्या हातगाडीवाल्यानं ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून मोटर पाहिली. “काका, हे किती वजन ओढते जी?”

काकांनी माहिती दिली.

“चढावर?”

“चढावरही.”

“मंग माह्या ठेल्याले लावता येते का हे?”

कॉटन मार्केटमधून पहाटे माल ऑटोत टाकून आणायचा, मग दुपारपर्यंत दोनेकशे किलोंची गाडी धरमपेठेतल्या गल्ल्यांतून ढकलायची, हा त्याचा दिनक्रम. मे महिन्यातसुद्धा; आणि आमचा मे म्हणजे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेलेला मे. कायद्यात ई-कार्ट नावाचा प्रकार आहे, ३१० किलोंपर्यंत माल नेणारा, खास अशाच माणसासाठी वाटावा असा. काकांनी ते सगळं त्याला सांगितलं, आणि सांगितल्यावर त्यांना वाटलं, माणूस भारावला. म्हणून पुढे म्हणाले, “पण तुला कशाला? तुला सवय आहे.”

तो हसला. “सवय तं आहे. आमाले डॉक्टर काई सांगतच नाई ना.”

काका त्यानंतर दोन दिवस थैली घेऊन बाजारात गेले. तिसऱ्या दिवशी खांदा दुखला.

पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण काकांनी मला बरोबर घेतलं होतं. अंबाझरीच्या बाजूला त्यांचे व्याही राहतात. मुलीचे सासरे. त्यांनी ट्रॉली पाहिलेली नव्हती. भाजी, खांदा, व्यायाम यांतलं कुठलंच कारण त्या दिवशी नव्हतं. शुद्ध दाखवायला न्यायची होती, आणि काकांनी ते लपवलंही नाही. अशा प्रामाणिक मोहिमेला यश यायला हवं होतं. व्याह्यांनी ट्रॉली पाहिली, अंगणात चार फेऱ्या मारल्या, त्यांच्या नातवानं तिच्यावर बसून दहा मारल्या, आणि परत येताना लॉ कॉलेज चौकाच्या अलीकडे ती थांबली. काकांनी बटण दाबलं, फिरवलं, दाबून धरलं. मग मोटरच्या बाजूला एक चापट मारली. अभियंता माणसानं चापट मारली म्हणजे तांत्रिक उपाय संपले असं समजावं.

बंद पडलेली ट्रॉली ढकलून पाहिली. बॅटरी साडेपाच किलो, ट्रॉली त्याहून जास्त, वर व्याह्यांनी दिलेली आंब्यांची पेटी आणि गावाकडून आलेल्या तुरीच्या डाळीची थैली. ज्या खांद्यासाठी हे सगळं होतं, तो खरोखर भरून आला. चार वाजताचं ऊन. आणि समोरून आमचाच हातगाडीवाला, रिकामी होत आलेली गाडी घेऊन घराकडे निघालेला.

त्यानं काही विचारलं नाही. हातगाडीवरचे दोन दुधी आणि उरलेल्या दोन पत्ताकोबी बाजूला सारल्या, ट्रॉली उचलून आडवी ठेवली, तिचा दांडा दुध्यांच्या मध्ये नीट टेकवला, पेटी वर ठेवली. एवढं झाल्यावर म्हणाला, “साठ रुपये.”

“साठ?” काका म्हणाले. “चाळीस.”

“काका, बॅटरी तुमची सरली. माही नाई सरली.”

पन्नासवर तुटलं. तो गाडी ढकलत पुढे, काका आणि मी दोन्ही बाजूंनी मोकळ्या हातांनी चालत. कुत्र्यांनी पाहिलं. एकही उठलं नाही.

फाटकाशी काकू उभ्याच होत्या. त्यांनी हातगाडीवर आडवी पडलेली ट्रॉली पाहिली, काकांचा चेहरा पाहिला, त्यांच्या हातातली पन्नासाची नोट पाहिली, आणि यांपैकी कशाबद्दलही चकार शब्द न काढता भाजीवाल्याला विचारलं, “ते दोन दुधी कसे दिले?”

“वीसचे दोन घ्या काकू, शेवटचे.”

“आणि सांबार?”

“टाकतो ना,” तो म्हणाला, आणि वरून गोडनिंबाची एक काडीही टाकली.